ड्रायव्हरचा लॉफ्ट: ९, साडेदहा की १२ डिग्री?

गोल्फ खेळणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, हँडिकॅप १८, खेळणं पुण्यात. हातात ड्रायव्हर, म्हणजे टी या खुंटीवरून लांब मारायचा क्लब. त्याचा लॉफ्ट, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे कललेला कोन, ९ डिग्री. शाफ्ट, म्हणजे दांडा, स्टिफ (कडक). होझल, म्हणजे हेड आणि दांड्याचा सांधा, फिरवता येणारं. सिम्युलेटरवर स्विंगचा वेग ताशी ८८ मैल आला. बॉल खालून, म्हणजे कमी उंचीने, निघतो, उजवीकडे वळतो आणि १७० यार्डांच्या आसपास टेकतो. मित्र म्हणतो साडेदहाचा घ्या, दुकानदार म्हणतो १२चा घ्या. कोणाचं ऐकायचं?

या वेगाला ९ डिग्री बहुधा कमीच पडतात, एवढं आधी सांगून टाकतो. पण नवा ड्रायव्हर घेण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. बॉल खालून जाण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एका कारणावर जास्त लॉफ्ट हे औषध आहे. दुसऱ्यावर नुसता लॉफ्ट वाढवला तर बॉल वर चढेल, हवेत टांगल्यासारखा होईल आणि जिथे पडत होता तिथेच पडेल. तुमच्या वर्णनात स्लाइसही (बॉल उजवीकडे वळणं) आहे, त्यामुळे मला दुसऱ्या कारणाची शंका जास्त येते.

क्लबच्या तळाला छापलेला आकडा म्हणजे क्लब स्थिर असतानाचा लॉफ्ट. बॉलला तो कधीच जसाच्या तसा मिळत नाही. इम्पॅक्टच्या, म्हणजे क्लब बॉलला लागण्याच्या, क्षणी हात बॉलच्या पुढे आहेत की मागे, शाफ्ट किती वाकला आहे, फेस उघडा आहे की बंद, यावरून जो प्रत्यक्ष लॉफ्ट बॉलला लागतो तो डायनॅमिक लॉफ्ट. त्याच क्षणी हेड खाली चाललं आहे की वर, हा झाला अटॅक अँगल. ड्रायव्हरच्या बाबतीत बॉल कोणत्या कोनात निघेल (म्हणजे लॉन्च) हे साधारण ८५ टक्के डायनॅमिक लॉफ्ट ठरवतो आणि उरलेले १५ टक्के अटॅक अँगल. बॅकस्पिन, म्हणजे बॉलचं मागच्या दिशेने फिरणं, मात्र या दोन कोनांमधल्या अंतरावर ठरतो. त्या अंतराला स्पिन लॉफ्ट म्हणतात.

आकडे घालून पाहा. एकाचा अटॅक अँगल उणे ४, म्हणजे हेड खाली येताना बॉलला लागतं. डायनॅमिक लॉफ्ट ११. बॉल निघेल पावणेनऊ डिग्रीच्या आसपास आणि स्पिन लॉफ्ट होईल १५. दुसऱ्याचा अटॅक अँगल अधिक ३, डायनॅमिक लॉफ्ट १५. त्याचा बॉल निघेल सव्वातेरा डिग्रीला आणि स्पिन लॉफ्ट फक्त १२. दुसऱ्याने बॉलला जास्त लॉफ्ट लावला, बॉल उंच निघाला आणि तरीही स्पिन कमी. पहिल्याचा बॉल खालून निघून जास्त फिरतो, पुढे जाऊन उगाच वर उठतो आणि दम संपल्यासारखा पडतो. ताशी ९० मैलांच्या स्विंगला खाली ५ डिग्री मारणं आणि वर ५ डिग्री मारणं यांत, दोघांनाही योग्य लॉफ्ट दिला तरी, कॅरीचा, म्हणजे बॉल हवेतून जातो त्या अंतराचा, फरक वीसेक यार्डांचा पडतो. एवढी भरपाई कोणताही नवा ड्रायव्हर करणार नाही.

पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांच्या स्पर्धांमधल्या, खेळाडूंचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. ट्रॅकमॅन या मोजणी करणाऱ्या यंत्राच्या जुन्या, बहुचर्चित सरासरीनुसार त्यांचा स्विंग ताशी ११३ मैलांच्या घरात, अटॅक अँगल उणे १.३, लॉन्च १०.९ डिग्री आणि स्पिन मिनिटाला २६८६ फेरे. ते ९ डिग्री वापरतात कारण त्यांच्या वेगाला तेवढा लॉफ्ट पुरतो. आपल्याला जवळचा नमुना त्याच जुन्या सरासरीतल्या एलपीजीएचा, म्हणजे महिला व्यावसायिकांचा, आहे: स्विंग ९४ मैल, अटॅक अँगल अधिक ३, लॉन्च १३ डिग्रीच्या वर, कॅरी २१८ यार्ड. ८८ ते ९५ मैलांच्या हौशी पुरुष खेळाडूंनी या आकड्यांकडे नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. जवळपास तोच वेग, आणि त्या बायका बॉल उंच काढून वर मारतात म्हणून बहुतेकांच्या पंचवीस-तीस यार्ड पुढे असतात.

आता तुमच्या ८८ मैलांसाठी काय हवं? लॉन्च १३ ते १६ डिग्री आणि स्पिन साधारण २३०० ते २९००. फेसच्या मध्यावर बॉल लागला तर बॉलचा वेग १२५ मैलांच्या आसपास मिळतो आणि एवढ्यावर १९० यार्ड कॅरी अवास्तव नाही. खाली मारणारा असाल तर या पट्ट्याच्या खालच्या टोकाचा लॉन्च धरा, वर मारणारा असाल तर वरच्या टोकाचा.

सिम्युलेटरसारख्या मशिनवर तुमचा लॉन्च ८-९ डिग्री आणि स्पिन २२००च्या खाली आला, तर पहिलं कारण: लॉफ्ट कमी पडतोय, बॉल वर धरून ठेवायला स्पिनही नाही, तो खांद्याच्या उंचीवरून जाऊन मरतो. लॉफ्ट वाढवा, लगेच फरक दिसेल. पण लॉन्च तेवढाच आणि स्पिन ३४००-३६०० आला तर दुसरं कारण: वरून खाली मारणं, किंवा बॉल फेसच्या तळाला लागणं, किंवा दोन्ही. लॉफ्ट एक डिग्री वाढवला की लॉन्च पाऊण डिग्रीच्या आसपास वाढतो आणि स्पिन दोनशे-तीनशेने. ३६००वर आणखी तीनशे चढवून काय साधणार? इथे आधी टी, बॉलची जागा आणि इम्पॅक्टची जागा दुरुस्त करायची, मग लॉफ्टकडे यायचं.

मशिन नसेल तरी अंदाज घेता येतो. कॅडीला पुढे उभं करा आणि बॉल टेकला कुठे व थांबला कुठे, दोन्ही जागा पाहायला सांगा. आपण रोलसकट, म्हणजे बॉल टेकल्यावर घरंगळतो तेही धरून, अंतर सांगतो आणि कॅरी विसरतो. दुसरी खूण त्याहून सोपी आहे: १५ डिग्रीचा थ्री-वूड (ड्रायव्हरच्या खालोखालचा क्लब) टीवरून मारून पाहा. शाफ्ट आखूड, वेग कमी, आणि तरी तो ड्रायव्हरएवढाच किंवा पुढे टेकत असेल, तर तुमच्या ड्रायव्हरला लॉफ्ट कमी आहे यात फारशी शंका उरत नाही.

आता फेसवर बॉल कुठे लागतो ते बघू. माझ्या मते लॉफ्टच्या चर्चेत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, वरून खालीही तो फुगीर असतो. या फुगीरपणालाही रोलच म्हणतात, बॉलच्या घरंगळण्याशी त्याचा संबंध नाही. त्याची त्रिज्या १२ इंच धरली तर मध्यापासून अर्धा इंच वर गेल्यावर लॉफ्ट जवळपास २.४ डिग्रीने वाढतो आणि अर्धा इंच खाली आल्यावर तेवढाच घटतो. म्हणजे साडेदहाचा ड्रायव्हर तळाला लागला की आठाचा होतो आणि वर लागला की तेराचा. ९ की साडेदहा या वादापेक्षा हा फरक मोठा आहे. शिवाय वर लागलेल्या बॉलने हेड किंचित मागे झुकतं आणि गिअर इफेक्टमुळे (झुकणारं हेड बॉलला दातेरी चाकासारखं उलट फिरवतं) स्पिन घटतो. खाली लागला तर उलट: लॉन्च कमी, स्पिन जास्त. तुमची तक्रार नेमकी हीच असू शकते.

तपासायला खर्च जवळपास शून्य आहे. पायाला मारायचा पावडर स्प्रे मिळतो, त्याचा पातळ थर फेसवर मारा आणि दहा बॉल मारा, प्रत्येक बॉलनंतर ठशाचा मोबाइलवर फोटो काढा. किंवा पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका द्या, तो फेसवर उमटतो. पावडर असताना मशिनवरचा स्पिन मात्र खरा मानू नका, थरामुळे फेसची पकड बदलते. दहातले सहा-सात ठसे मध्याच्या खाली असतील तर टी वर घ्या. क्लब बॉलमागे ठेवल्यावर निम्मा बॉल हेडच्या वर दिसायला हवा. त्यासाठी आजच्या मोठ्या हेडना पावणेतीन इंची किंवा सव्वातीन इंची टी लागते. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर ठेवा आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली राहू द्या. (हे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.) सरावाच्या अनेक रेंजवर मॅटमधली रबरी टी ठरावीक उंचीची आणि बुटकी असते. तिच्यावर काढलेल्या आकड्यांवरून ड्रायव्हर निवडणं ही मुळातच चूक.

ठसे टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला येत असतील तर स्लाइसमध्ये त्यांचाही हात आहे. मग ग्रिप इंचभर खाली धरून आणखी दहा बॉल मारा. ठसे मध्याकडे सरकले तर ४५.५ इंचांचा शाफ्ट तुम्हाला लांब आहे. अर्धा इंच कापायला हरकत नाही, पण कापल्यावर हेड हातात हलकं लागतं, ते परत आणायला हेडवर पाच-सहा ग्रॅम वजन चढवावं लागतं.

स्लाइस आणि लॉफ्ट यांचं नातंही समजून घ्या, कारण १२ डिग्रीचा सल्ला सहसा त्यापोटीच येतो. त्यात तथ्य आहे. समजा इम्पॅक्टला तुमचा फेस स्विंगच्या मार्गापेक्षा ४ डिग्री उघडा आहे. स्पिन लॉफ्ट ११ असेल तर बॉलच्या फिरण्याचा आस सुमारे २० डिग्री कलतो, स्पिन लॉफ्ट १५ असेल तर सुमारे १५ डिग्री. चूक तीच, पण वळण कमी. लॉफ्ट वाढला की बॉल सरळ जातो असं म्हणतात ते याच अर्थाने. पण उघडा फेस स्वतःच डायनॅमिक लॉफ्ट वाढवतो, हे विसरू नका. फेस इतका उघडा असूनही बॉल खालून जातोय, म्हणजे हेड बरंच वरून खाली येत असणार किंवा बॉल तळाला लागत असणार. तुमच्याबद्दल मी सुरुवातीला शंका घेतली ती यामुळेच. शिवाय पुढे शिकून फेस सरळ येऊ लागला की हा उसना लॉफ्ट नाहीसा होतो. तेव्हा ९ डिग्री आणखीच कमी पडतील.

तुमच्या ड्रायव्हरचं होझल फिरतं, तर दुकानाआधी पाना काढा. टेलरमेड कंपनीच्या स्लीव्हवर (होझलमधल्या फिरत्या नळीवर) हायर आणि लोअरच्या खुणा असतात. कॅलवेच्या अनेक ड्रायव्हरमध्ये एका कड्यावर उणे १, एस, अधिक १, अधिक २ असतं आणि दुसऱ्यावर डी व एन. टायटलिस्टमध्ये ए, बी, सी, डी आणि १ ते ४ यांच्या सोळा जोड्या असतात, त्यांचा तक्ता कंपनीच्या साइटवर मिळतो. स्क्रू पूर्ण सोडवा, हेड सरळ ओढून काढा, स्लीव्ह हवी तिथे फिरवा, दाते नीट बसलेत का पाहा आणि सोबतच्या टॉर्क पान्याने ‘टक’ आवाज येईपर्यंत आवळा. साधा अ‍ॅलन की वापरू नका. कमी आवळलं तर हेड सैल होतं, जास्त आवळलं तर स्क्रूचे आटे जातात.

स्लीव्ह फिरवली की फक्त लॉफ्टच बदलतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तसं नसतं. बऱ्याच स्लीव्हमध्ये लॉफ्ट वाढवला की फेस बंद होतो आणि लॉफ्ट कमी केला की उघडतो. स्लीव्ह हेडला शाफ्टवर थोडं तिरकं बसवते, फेसची धातू काही वितळत नाही. क्लब जमिनीवर जसा बसेल तसाच ठेवून मारलात तर मुख्यतः फेसची दिशा बदलते. हाताने फेस सरळ करून मारलात तरच तो बदल लॉफ्टमध्ये दिसतो. स्लाइसवाल्याला अधिक १.५ची जागा दुहेरी उपयोगी पडू शकते: लॉफ्टही थोडा वाढतो आणि फेसही थोडा बंद. हूक (बॉल डावीकडे वळणं) असणाऱ्याने मात्र स्लीव्हने लॉफ्ट वाढवू नये, त्याने मुळातच जास्त लॉफ्टचं हेड घ्यावं. स्पिन कमी करायला हूकवाला लॉफ्ट कमी करतो आणि फेस उघडल्यामुळे बॉल अचानक सरळ जाऊ लागतो, हेही होतं. श्रेय मात्र कमी लॉफ्टला मिळतं.

छापील आकड्यावरही फार विसंबू नका. बनावटीत अंशभराचा फरक सहज असतो, आणि बाजारातल्या हेडचा प्रत्यक्ष लॉफ्ट छापल्यापेक्षा जास्त असणं नेहमीचं आहे. दोन मित्रांचे साडेदहाचे ड्रायव्हर म्हणूनच वेगळे वागतात. हेडमधलं वजन पुढे आहे की मागे, यानेही फरक पडतो. मागे वजन असलेलं, मोठं, चुका पोटात घालणारं हेड बॉल उंच काढतं. पुढे वजन असलेलं, कमी स्पिनचं म्हणून विकलं जाणारं हेड ८८ मैलांना सहसा मानवत नाही, त्यावर १२ छापलेलं असलं तरी.

वेगावरून सुरुवातीचा अंदाज हवा असेल तर तो असा: १०५ मैलांच्या वर साडेआठ ते साडेनऊ, ९५ ते १०५ला ९ ते साडेदहा, ८५ ते ९५ला साडेदहा ते १२, आणि त्याखाली १२ किंवा जास्त. खाली मारणाऱ्याने या पट्ट्याच्या कमी बाजूला आणि वर मारणाऱ्याने जास्त बाजूला जायचं असतं असं सूत्र तुम्हाला वाचायला मिळेल. स्पिनच्या हिशोबाने ते बरोबर आहे. वेगवान खेळाडूंना लागू पडतं. पण ताशी ८५ मैलांचा माणूस खाली मारतो म्हणून त्याला ९ डिग्री दिले तर बॉल उडतच नाही. तिथे मारणं सुधारायचं असतं, लॉफ्ट कापायचा नसतो.

शाफ्टबद्दल थोडक्यात: ८८ मैलांना स्टिफपेक्षा रेग्युलर, ५० ते ५५ ग्रॅमचा, बहुधा सोयीचा पडेल, पण लॉन्चवर त्याचा परिणाम लॉफ्टपेक्षा कमी असतो. आधी लॉफ्ट, मग शाफ्ट. दोन्ही एकदम बदललेत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

चाचणी घेताना स्वतःचा बॉल घेऊन जा. रेंजचे जुने बॉल कमी उडतात आणि कुठलाही निष्कर्ष बिघडवतात. वीसेक बॉल अंग मोकळं करायला मारा. मग एकेका लॉफ्टला दहा बॉल, लॉफ्ट पालटून पालटून, म्हणजे थकवा एकाच ड्रायव्हरच्या वाट्याला येणार नाही. दहातले दोन अगदी वाईट सोडा आणि उरलेल्या आठांची सरासरी कॅरी व डावी-उजवी पांगापांग लिहून घ्या. सगळ्यात लांब गेलेला बॉल विसरा, ड्रायव्हर विकला जातो तो त्या एका बॉलवर. मशिन स्पिन मोजतं की वेग-कोनावरून अंदाज करतं, हेही विचारा. स्वस्त यंत्रं अंदाज करतात आणि लॉफ्ट ठरवायला तो आकडा उपयोगाचा नाही. काही रडार यंत्रांना बंद खोलीत स्पिन मोजण्यासाठी बॉलवर धातूची टिकली चिकटवावी लागते.

पुण्याच्या हवामानाचा मुद्दा खरा आहे, पण दोन वेगळ्या अर्थांनी. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हवा थोडी विरळ असते, त्यामुळे मुंबईपेक्षा कॅरी दोन-तीन टक्क्यांनी वाढते. २०० यार्डांवर चार-सहा यार्ड. यासाठी लॉफ्ट बदलायची गरज नाही. मोसमाचा फरक मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) टणक होतात आणि खालून गेलेला बॉलही पळत राहतो. ९ डिग्री बरे वाटतात ते तेव्हा. जुलैत तोच बॉल ओल्या गवतात जिथे टेकतो तिथेच रुततो आणि वीस-पंचवीस यार्ड गायब होतात. म्हणून लॉफ्टचा निर्णय पावसाळ्यातल्या कॅरीवर घ्या. उन्हाळ्यात रोल मिळेलच. मोसमाप्रमाणे स्लीव्ह एक खूण खाली-वर केली तरी चालेल, फक्त फेरी सुरू होण्याआधी. फेरी चालू असताना असा बदल करून त्या क्लबने मारणं नियमाबाहेर आहे.

समोरून वारा असताना टी खूप खाली करण्याची सवय असेल तर तीही मोडा. टी बुटकी झाली की बॉल फेसच्या तळाला लागतो, स्पिन वाढतो आणि वारा त्याला वर उचलतो. टी फार तर किंचित कमी करा, ग्रिप इंचभर खाली धरा आणि तीन-चतुर्थांश जोर लावा.

तर तुम्ही करायचं ते असं. पहिले दोन आठवडे ड्रायव्हर आहे तसाच ठेवा, टी आणि बॉलची जागा बदला, ठसे मध्यावर किंवा त्याच्या किंचित वर आणा. मग स्लीव्ह अधिक १.५वर किंवा तिच्या कमाल जागेवर न्या आणि मोजा. लॉन्च १३च्या पुढे आणि स्पिन २९००च्या आत आला तर तुम्हाला नवा ड्रायव्हर नकोच आहे, फार तर रेग्युलर शाफ्ट घ्या. लॉन्च अजून ११-१२ आणि स्पिन २५००च्या खाली राहिला तर दुकानदार बरोबर आहे, १२चं हेड घ्या. लॉन्च सुधारला पण स्पिन ३२००च्या वरच राहिला, तर साडेदहावर थांबा आणि १२च्या फरकाचे पैसे एखाद्या प्रोकडे (प्रशिक्षकाकडे) चार-पाच धड्यांत घाला, वरून खाली येणारा स्विंग बदलण्यासाठी.

जुनं हेड घेत असाल तर साडेदहाचं, फिरत्या होझलचं घ्या. ते खाली ९पर्यंत आणि वर १२पर्यंत जाऊ शकतं, पुढची काही वर्षं वेग घटला तरी पुरतं. घेताना टॉर्क पाना सोबत मागा, स्लीव्ह त्याच कंपनीच्या त्याच पिढीची आहे का पाहा, आणि स्क्रू एकदा सोडवून परत आवळून ‘टक’ आवाज येतो याची तिथेच खात्री करा.